बर्लिनची नाकेबंदी १९४८-४९: वीस लाखांचं शहर विमानांवर जगवायचं गणित कसं जमलं?

टेबलावरचा_सेनापती (प्रश्न)

शीतयुद्धावर नकाशा-सोंगट्यांचा एक खेळ तयार करतोय. त्यात बर्लिनची नाकेबंदी हा एक अंक आहे. राजकारणाचा भाग बऱ्यापैकी वाचून झाला. जून १९४८ मध्ये पश्चिमेकडच्या तिन्ही राष्ट्रांनी (अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स) जर्मनीतल्या आपल्या विभागांत नवं चलन, नवा मार्क, आणलं, रशियनांनी २४ जूनला त्यांच्या विभागाने वेढलेल्या पश्चिम बर्लिनकडे जाणारे रस्ते, रेल्वे आणि कालवे बंद केले, आणि १२ मे १९४९ ला नाकेबंदी उठली. इथपर्यंत ठीक.

मी अडलोय तो आकड्यांवर. शहराला रोज साधारण साडेचार हजार टन माल लागायचा असं सगळीकडे लिहिलेलं असतं. सुरुवातीला अमेरिकनांकडे होती सी-४७, म्हणजे आपलं डाकोटा, एका खेपेला साडेतीन टन. भागाकार केला तर दिवसाला जवळजवळ १,३०० विमानं उतरवावी लागतील. आणि त्या वेळी पश्चिम बर्लिनमध्ये विमानतळ दोनच, टेंपलहोफ आणि गाटो. कागदावर हे बसतच नाही. तरी ते झालं.

प्रश्न असे:

१. अडचण नेमकी कुठे होती? विमानांची संख्या, धावपट्टी, की आणखी काही?
२. माल नेमका काय जायचा, किती?
३. रशियनांनी आकाशही का बंद केलं नाही? खेळात रशियन खेळाडूला ती मुभा द्यावी का?

"पायलट शूर होते" हे उत्तर नको. ते होतेच. सोंगट्या कशा हलवायच्या ते सांगा.

---

धावपट्टी_२७ (प्रतिसाद)

भागाकार बरोबर आहे, म्हणूनच सी-४७ वर ही मोहीम चालली नसती. १ ऑक्टोबर १९४८ च्या सुमारास अमेरिकनांनी ती या कामातून काढलीच. त्यांच्या जागी आलं सी-५४, चार इंजिनांचं, खेपेला साधारण दहा टन. पण फरक फक्त साडेतीन आणि दहाचा नाही. सी-४७ शेपटीवर बसतं, त्यामुळे आतली जमीन तिरकी. पोती चढावर ओढत न्यायची. सी-५४ ला पुढे चाक, जमीन सपाट. परिणाम असा की साडेतीन टन उतरवायला जितका वेळ, जवळपास तितक्याच वेळात दहा टन उतरायचे. शिवाय दोन वेगळ्या वेगांची विमानं एका रांगेत घातली की मागचं पुढच्याच्या अंगावर येतं, मग मध्ये जास्त अंतर ठेवावं लागतं, आणि ते अंतर म्हणजे न पोचलेला माल. एकच जातीची विमानं, एकच वेग. सी-५४ ला हवाई मार्गिकेत (बर्लिनला जायचे तीन ठरलेले हवाई रस्ते होते, त्यातल्या एकेकाला मार्गिका म्हणायचे) ताशी १७० मैल ठरवून दिले होते.

आता तुमचा पहिला प्रश्न. अडचण विमानांची कमी, मिनिटांची जास्त. जुलै १९४८ च्या अखेरीस विल्यम टनर या अधिकाऱ्याकडे सूत्रं आली, आणि त्याने हिशेब उलटा मांडला. दिवसाची मिनिटं १,४४०. दर तीन मिनिटांनी एक विमान उतरवलं तर एका धावपट्टीवर दिवसाला ४८०. प्रत्येकात सरासरी नऊ टन धरा, एका धावपट्टीतून ४,३०० टन. म्हणजे एक धावपट्टी नीट चालवली तरी शहराच्या गरजेच्या जवळ जाता येतं. "नीट" या शब्दातच सगळं पाणी मुरतं.

ते नीट चालत नव्हतं हे १३ ऑगस्ट १९४८ ला दिसलं. शुक्रवार होता. बर्लिनवर ढग छपरांना टेकलेले, पाऊस, रडारवर पावसाचेच ठिपके. एक सी-५४ धावपट्टी संपवून पुढे गेलं आणि पेटलं. मागच्याने जळणारं विमान टाळायला ब्रेक मारले, टायर फुटले. तिसरं चुकून अर्धवट तयार असलेल्या पट्टीवर उतरलं आणि गर्रकन फिरलं. कंट्रोल टॉवरने बाकीच्यांना वर घिरट्या घालायला लावलं. दर तीन मिनिटांनी नवीन येतच होतं, त्यामुळे शहरावर थरावर थर चढले, वरचा थर १२,००० फुटांवर. घिरट्या घालणाऱ्यांत टनर स्वतः होता. त्याने सगळ्यांना परत पाठवलं, आणि त्यानंतर नियम बदलले:

- हवा कशीही असो, उड्डाण कायम उपकरणांच्या नियमांनीच, म्हणजे डोळ्यांवर नाही, यंत्रांवर विसंबून. स्वच्छ ऊन असलं तरी.
- उतरायचा प्रयत्न एकदाच. हुकला तर माल पोटात घेऊन मधल्या मार्गिकेने थेट परत. दुसरी फेरी नाही, घिरट्या नाहीत.
- विमानं उत्तर आणि दक्षिण मार्गिकेने आत, मधल्या मार्गिकेने बाहेर. समोरासमोर कोणी येतच नाही.
- दक्षिणेकडून येणारा प्रत्येक वैमानिक फुल्डा गावच्या रेडिओ दीपावरून (जमिनीवरून रेडिओची खूण देणारं केंद्र) जाताना वेळ मोठ्याने सांगतो. मागचा ती ऐकतो आणि आपलं अंतर तिथेच जुळवतो, बर्लिनवर पोचल्यावर नाही.

मुंबईची लोकल डोळ्यांसमोर आणा: एक गाडी दादरला दोन मिनिटं जास्त थांबली की मागे विरारपर्यंत रांग लागते. इथे तर रांगेतल्या गाड्यांना थांबताच येत नाही, कारण त्या हवेत आहेत. म्हणून एक हुकलेली खेप सोडून देणं स्वस्त पडायचं. दहा टन गेले. त्या एका विमानाला दुसरी संधी दिली असती तर मागच्या पाच-सहा जणांचे साठ टन गेले असते.

खेळासाठी सूचना: विमानं वाढवली की माल वाढतो असा नियम ठेवू नका. उतरण्याच्या वेळा आधी ठरवा, विमानं त्यात भरा.

---

टेबलावरचा_सेनापती

हे फारच कामाचं. पण मग जमिनीवर विमान किती वेळ असायचं? तीन मिनिटांनी एक येत असेल आणि प्रत्येक तासभर थांबलं तर वीस विमानं एका वेळी उभी राहणार.

---

धावपट्टी_२७

बरोबर, दुसरा गळा तिथेच आवळला जायचा. सुरुवातीला वैमानिक उतरून कॅन्टीनमध्ये जायचे, हवामानाचा कागद घ्यायला ऑफिसात जायचे, आणि पोती उतरून झाली तरी विमान त्यांची वाट बघत उभं. टनरने फर्मान काढलं की बर्लिनमध्ये वैमानिकाने विमान सोडायचं नाही. हवामानाचा माणूस जीपमधून विमानापाशी येणार, परतीची परवानगी तिथेच मिळणार, आणि खाण्याची गाडी जर्मन मुली चालवत विमानापाशी आणणार. (त्या मुली देखण्या निवडल्या होत्या असं सांगतात, कॅन्टीनचा मोह सुटायला तेही कारण पुरलं असेल.)

उतरवणारी टोळी बारा जर्मन मजुरांची. विमान थांबण्याआधी लॉरी जागेवर, इंजिनं बंद होताच मागचा भाग दाराला लावलेला. दहा टन कोळसा दहा मिनिटांच्या आसपास उतरायचा. विमान उतरल्यापासून परत उडेपर्यंत अर्धा तास हे लक्ष्य होतं आणि ते गाठलं जायचं.

त्याआधी धावपट्टी टिकवणं हे वेगळंच काम. टेंपलहोफ युद्धाआधी गवताचं मैदान होतं. अमेरिकनांनी त्यावर विटांचा चुरा घालून भोकं पाडलेल्या लोखंडी पट्ट्या अंथरल्या होत्या. हलक्या विमानांना त्या चालायच्या. भरलेलं सी-५४ आदळायला लागल्यावर पट्ट्या वाकायच्या, सांधे सुटायचे, खालचा चुरा खचायचा. म्हणून धावपट्टीच्या कडेला दोनशेहून अधिक मजूर फावडी, वाळू, डांबर घेऊन उभे. एक विमान गेलं की पळत आत, खड्डा भरायचा, पट्टी ठोकायची, पुढचं दिसलं की पळत बाहेर. तीन मिनिटांत. नव्या धावपट्ट्या होईपर्यंत हे दिवसरात्र चाललं. त्या नव्या पट्ट्यांना भराव कसला, तर बॉम्बने पडलेल्या घरांच्या विटांचा. तो माल तरी बाहेरून आणावा लागला नाही.

तिसरा विमानतळ टेगेल, फ्रेंच विभागात. काम सुरू ५ ऑगस्ट १९४८ ला, पहिलं विमान ५ नोव्हेंबरला. हजारो बर्लिनकर तीन पाळ्यांत खपले, त्यांत बायका मोठ्या संख्येने. रोलर आणि खडी फोडायची यंत्रं विमानाच्या दारातून जाईनात, म्हणून पश्चिमेत ती गॅसकटरने कापली, तुकडे नेले आणि बर्लिनमध्ये परत वेल्ड केले. धावपट्टीच्या वाटेत पूर्वेच्या ताब्यातल्या बर्लिन रेडिओचा मनोरा उभा होता. हलवा म्हणून सांगितलं, हलेना. १६ डिसेंबरला फ्रेंच सेनापती गानव्हालने तो सुरुंग लावून पाडला. खेळात हा पत्ता जरूर ठेवा.

---

कोठार_व कणगी (प्रतिसाद)

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो. वर माल माल चाललंय, पण मालाची यादी पाहिल्याशिवाय हे कळत नाही. सुरुवातीला अमेरिकी लष्करी प्रशासनाने माणशी रोज १,९९० कॅलरी धरून काढलेला दिवसाचा हिशेब असा, सगळे आकडे टनांत:

पीठ आणि गहू ६४६, इतर धान्य १२५, स्निग्ध पदार्थ ६४, मांस-मासळी १०९, सुकवलेले बटाटे १८०, साखर १८०, कॉफी ११, दूध पावडर १९, लहान मुलांसाठी पूर्ण दूध ५, पावासाठी ताजं यीस्ट ३, सुकवलेल्या भाज्या १४४, मीठ ३८, चीज १०. बेरीज १,५३४.

याशिवाय कोळसा, डिझेल, पेट्रोल मिळून आणखी साधारण ३,४७५ टन. म्हणजे एकूण पाच हजारांच्या वर. साडेचार हजार हा भागवण्यापुरता आकडा. पूर्ण मोहिमेत गेलेल्या मालाचा दोनतृतीयांश भाग कोळसा होता. नाकेबंदी लागली तेव्हा शहरात धान्य ३६ दिवसांचं आणि कोळसा ४५ दिवसांचा होता, हे खेळाच्या पहिल्या चालीसाठी.

यादी बारकाईने पाहा. त्यात पाव नाही, पीठ आहे. पावात तिसरा हिस्सा पाणी असतं, आणि पाणी बर्लिनमध्ये मुबलक. पीठ न्या, तिथे भाजा. भाजायला कोळसा जास्त लागतो, तोही विमानानेच न्यायचा, तरी वजन कमीच पडतं. बटाटे सुकवलेले, कारण ताज्या बटाट्यात ऐंशी टक्क्यांच्या आसपास पाणी. आकाशातून पाणी वाहून नेणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड. मांस हाडं काढून. या एकेका बदलाने दिवसाला कित्येक फेऱ्या वाचल्या आणि त्यासाठी एकही नवं विमान लागलं नाही. बर्लिनकरांनी सुक्या बटाट्याला मनसोक्त शिव्या घातल्या, तो भाग वेगळा.

आता त्रासदायक माल.

कोळसा. लष्कराच्या जुन्या किटबॅगांत भरून सुरुवात झाली, मग पोत्यांत. कितीही घट्ट बांधा, भुकटी निघतेच. विमानाच्या जमिनीच्या फटींतून ती खाली जाते, आणि खाली असतात सुकाणूच्या तारा, कप्प्या, विजेच्या जोडण्या. भुकटीने तारा झिजतात, जोडण्या गंजतात, उपकरणं बिघडतात. शिवाय साचलेल्या भुकटीचं वजन वाढत जातं, म्हणजे वजनाचा कागद सांगतो एक आणि विमान उचलतं दुसरंच. उपाय: फटी बुजवणं, पोती ओलसर ठेवणं, सतत झाडणं. कोळसा उगाळावा तितका काळाच, इथे अक्षरशः.

मीठ. रोज ३८ टन म्हणजे चारच फेऱ्या, पण साध्या विमानात मीठ सांडलं तर आतलं ॲल्युमिनियम खातं. ब्रिटिशांनी त्यासाठी संडरलँड ही समुद्रावर उतरणारी विमानं लावली. त्यांचा सांगाडा खाऱ्या पाण्यासाठीच लेप दिलेला, आणि सुकाणूच्या तारा जमिनीखालून नाही, छताजवळून जातात. हँबुर्गजवळ फिंकनवेर्डरहून उडायची, बर्लिनमध्ये हाफेल नदीच्या तलावासारख्या पात्रात उतरायची. डिसेंबरमध्ये बर्फाची भीती सुरू झाली तेव्हा ती थांबली. मग मीठ गेलं हॅलिफॅक्स विमानांच्या पोटाखाली टांगलेल्या पेटाऱ्यांतून, म्हणजे आत नाहीच.

पेट्रोल-डिझेल. पिंपांतून न्यायचं तर पिंपाचंच वजन खातं, रिकामी पिंपं परत न्यायची ती वेगळीच. हे काम बहुतेक ब्रिटिश खाजगी कंपन्यांच्या टाकीवाल्या विमानांनी केलं. त्यांचं नाव कथांत क्वचित येतं.

आणि परतीचं विमान रिकामं नसायचं. आजारी, मुलं, आणि बर्लिनच्या कारखान्यांतला माल, विजेचे दिवे, यंत्रांचे भाग. त्यावर साखळी तोडणाऱ्या अस्वलाचं चित्र आणि "नाकेबंदीतल्या बर्लिनमध्ये बनलेलं" अशी चिठ्ठी. पण परतीचा माल चढवायला वेळ जातो, त्यामुळे अमेरिकनांनी तो कमी ठेवला आणि ब्रिटिशांनी जास्त घेतला. खेळात हा निर्णय खेळाडूवर सोडा: परतीचा माल घेतला तर शहराचा उद्योग जगतो, पण उतरण्याची एक वेळ हातची जाते.

---

वजनकाटा (प्रतिसाद)

वरच्या सगळ्या आकड्यांबाबत एक सूचना. "टन" कोणता ते बघून घ्या. अमेरिकी टन २,००० पौंडांचा, ९०७ किलो. ब्रिटिश टन २,२४० पौंडांचा, १,०१६ किलो. अमेरिकी आणि ब्रिटिश आकडे सरळ मिसळले की बारा टक्क्यांचा घोळ होतो. एकूण आकडा २३,२६,४०६ हा अमेरिकी टनांत आहे, म्हणजे मेट्रिकमध्ये २१ लाखांच्या थोडं वर. फेऱ्या २,७८,२२८. भागाकार केला तर फेरीला ८.४ टन. २६ जून १९४८ ते ३० सप्टेंबर १९४९ असे ४६२ दिवस धरले तर रोज पाच हजार टन आणि सहाशे फेऱ्या.

---

चौकीदार_चेकपॉइंट (प्रतिसाद)

तिसरा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचं उत्तर कागदात आहे.

रस्ता आणि रेल्वे यांबद्दल चार राष्ट्रांत लेखी करार नव्हता. १९४५ च्या उन्हाळ्यात तोंडी समजुतीवर चाललं होतं. हवेचं मात्र लेखी होतं: ३० नोव्हेंबर १९४५ ला मित्रराष्ट्रांच्या नियंत्रण परिषदेने तीन हवाई मार्गिका मंजूर केल्या होत्या, बर्लिनहून हँबुर्ग, हानोव्हर आणि फ्रँकफर्टच्या दिशेने, प्रत्येकी वीस मैल रुंद. त्यांची देखरेख करायला बर्लिनमध्ये चौघांचं हवाई सुरक्षा केंद्र. गंमत अशी की नाकेबंदीच्या पूर्ण काळात रशियन अधिकारी त्या केंद्रात बसतच होते. बाकी सगळ्या संयुक्त समित्यांतून ते उठून गेले. रशियन सेनापती सोकोलोव्स्कीने तर २० मार्च १९४८ ला नियंत्रण परिषदच सोडली. हे एक टेबल सोडलं नाही.

याचा अर्थ असा: रस्ता बंद करताना रशियनांना गोळी झाडावी लागत नव्हती. एल्बे नदीवरचा पूल "दुरुस्तीसाठी" बंद, रेल्वेत "तांत्रिक बिघाड". समोरच्याने रणगाडे घेऊन घुसायचं ठरवलं तर पहिली गोळी त्याची. अमेरिकी सेनापती क्लेने सशस्त्र तांडा पाठवायचा प्रस्ताव दिलाच होता, वॉशिंग्टनने तो मानला नाही. हवेत पारडं उलटं. विमान थांबवायला फाटक नसतं. ते पाडावंच लागतं, म्हणजे पहिली गोळी रशियनांची. पूर्ण नाकेबंदीचा डाव या एका गोष्टीवर फिरतो.

त्यात ५ एप्रिल १९४८ ची घटना ताजी होती. गाटोजवळ रशियन याक लढाऊ विमान ब्रिटिश प्रवासी विमानाला धडकलं, दोन्हींतले सगळे मेले. त्यानंतर अंगावर येणारी विमानं, डोळ्यांवर प्रखर झोत, मार्गिकेजवळ तोफांचा सराव असे प्रकार चालू राहिले. अमेरिकनांनी नोंदवलेल्या अशा घटना सातशेहून जास्त. पण मालवाहू विमान पाडलं गेलं नाही.

दुसरं कारण साधं आहे: त्यांना वाटलं हे जमणारच नाही. आणि तसं वाटायला आधार होता. स्टालिनग्राडला १९४२-४३ च्या हिवाळ्यात गोअरिंगच्या जर्मन वायुदलाने रशियनांच्या वेढ्यातल्या जर्मन फौजेला रोज ३०० टन तरी द्यायचं कबूल केलं होतं, प्रत्यक्षात सरासरी शंभराच्या आसपास पोचले. तो वेढा घालणारेच आता बर्लिनमध्ये होते. त्यांची पैज होती नोव्हेंबरच्या धुक्यावर.

ती पैज फार चुकीची नव्हती. २० नोव्हेंबरला ४२ विमानं निघाली आणि बर्लिनमध्ये उतरलं एक. त्या महिन्यात माल १ लाख १३ हजार टनांवर घसरला, आधीच्या महिन्यात तो १ लाख ४७ हजार होता. एका टप्प्यावर कोळसा आठवड्याभराचा उरला. म्हणून तुमच्या खेळात रशियन खेळाडूला "विमान पाडा" ही मुभा ठेवा, पण किंमत युद्ध. आणि "धुकं" हा पत्ता त्याच्या हातात द्या, तो जास्त कामाचा.

---

गल्लीतला_इतिहासकार (प्रतिसाद)

वरच्या प्रतिसादांत एक गोष्ट राहतेय. "वीस लाख लोक फक्त विमानांवर जगले" हे वाक्यच सैल आहे. नाकेबंदी होती ती पश्चिमेकडून येणाऱ्या मालाची. शहराच्या आत, पूर्व आणि पश्चिम बर्लिनच्या मध्ये, तेव्हा भिंत नव्हती. लोक पूर्वेत कामाला जायचे, भुयारी रेल्वे चालू होती, आसपासच्या खेड्यांतून पिशवीभर बटाटे येत होते, काळा बाजार जोरात होता. रशियनांनी तर पूर्वेत नाव नोंदवा, रेशन घ्या असंही सांगितलं. नोंदवलं फार थोड्यांनी.

---

चौकीदार_चेकपॉइंट

मुद्दा मान्य, पण त्याचं वजन किती ते बघा. पिशवीतून बटाटा येतो, वीजकेंद्राचा कोळसा येत नाही. रशियन विभागातून येणारी वीज तोडल्यावर पश्चिम बर्लिनच्या घरांत वीज दिवसाला चारेक तास, तीही दोन तुकड्यांत, कधी मध्यरात्री. कारखाने त्यावरच बंद पडले, बेकारी त्यानेच वाढली. शहर मोडलं असतं तर भुकेच्या आधी थंडी आणि बेकारीने. आणि विमानांत दोनतृतीयांश कोळसाच होता.

गळती दुसऱ्या बाजूनेही मोजा. पश्चिमेनेही उलट नाकेबंदी लावली होती: पश्चिम जर्मनीतल्या रूरचा कोळसा, पोलाद, यंत्रांचे सुटे भाग रशियन विभागाला बंद. पूर्व जर्मनीच्या कारखान्यांना हे जोरात लागलं. जानेवारी १९४९ मध्ये स्टालिनने एका अमेरिकी पत्रकाराच्या प्रश्नांना उत्तरं देताना मार्कचा मुद्दाच काढला नाही, तिथून संयुक्त राष्ट्रांत अमेरिकेचे जेसप आणि रशियाचे मलिक यांची बोलणी सुरू झाली. विमानांनी वेळ विकत घेतला, आणि त्या वेळात उलट नाकेबंदीने काम केलं. खेळात फक्त विमानांवर विजय ठरवलात तर अर्धा डाव सुटेल.

---

गल्लीतला_इतिहासकार

चला, कोळशावर एकमत. बटाट्यावर नाही.

---

चबुआ_ते_कुनमिंग (प्रतिसाद)

टनरचं नाव आलंय म्हणून एक धागा जोडतो, तो आपल्याकडचा आहे. ही पद्धत बर्लिनमध्ये शून्यातून उगवली नाही. १९४२ ते ४५ मध्ये आसामच्या चबुआ, दिनजान, तेजपूर अशा तळांवरून हिमालयाची धार ओलांडून चीनला माल जायचा, कारण ब्रह्मदेशाचा रस्ता जपानने तोडला होता. एकूण साडेसहा लाख टन. सप्टेंबर १९४४ पासून ती मोहीम टनरच्या हाताखाली होती. ठराविक तासांनी तपासणी, प्रत्येक टप्प्यावर वेगळी टोळी, अपघातांचा हिशेब ठेवून नियम बदलणं, हे सगळं त्याने आसामात बसवलं.

त्यातलं देखभालीचं गणित तुमच्या खेळात हवंच. सी-५४ बनवलं होतं लांब पल्ल्यासाठी, दिवसाला एखादंच उतरणं. इथे भरलेल्या पोटाने छोट्या फेऱ्या. त्यामुळे टायर, ब्रेक, पुढचं चाक आणि उड्डाणाच्या पूर्ण जोराने तापणारी इंजिनं हे भाग लवकर जायचे. २० आणि ५० तासांच्या तपासण्या तळावर, २०० तासांची इंग्लंडमध्ये बर्टनवुडला, १,००० तासांनंतर पूर्ण खोलायला थेट अमेरिकेत. म्हणजे ताफ्यात दोनशेहून अधिक सी-५४ असली तरी त्यातला मोठा भाग कायम कुठेतरी उघडलेला. मेकॅनिक कमी पडले तेव्हा टनरने क्लेकडून परवानगी काढून जर्मनांना घेतलं, तीन वर्षांपूर्वी याच अमेरिकनांविरुद्ध लढलेल्या वायुदलातले. सूचनापुस्तकं जर्मनमध्ये करून दिली आणि गाडी चालू लागली.

तळ कुठे निवडायचा हेही महत्त्वाचं. फ्रँकफर्टजवळच्या ऱ्हाइन-माइनहून बर्लिन लांब. ब्रिटिश विभागातलं फासबेर्ग आणि त्सेले जवळजवळ निम्म्या अंतरावर. तिथून दोन सी-५४ तीन विमानांचं काम करायची. म्हणून अमेरिकी विमानं ब्रिटिश तळांवर गेली, आणि ऑक्टोबर १९४८ मध्ये दोघांचं एकच कार्यदल झालं. एका मार्गिकेत दोन कंट्रोलर असले की काय होतं ते सांगायला नको.

---

टेबलावरचा_सेनापती

सगळ्यांचे आभार. शेवटचे दोन. कमाल एका दिवसात किती गेलं? आणि नाकेबंदी मे मध्ये उठली तर मोहीम सप्टेंबरपर्यंत का?

---

धावपट्टी_२७

कमाल १५-१६ एप्रिल १९४९, ईस्टरच्या आसपास. चोवीस तासांत १,३९८ फेऱ्या, १२,९४१ टन, आणि मुद्दाम फक्त कोळसा, म्हणजे माल वेगळा करण्यात वेळ जाऊ नये. मिनिटाला जवळपास एक विमान. टनरने त्यासाठी आधी साठा करून ठेवला होता आणि तळांमध्ये चुरस लावली होती, त्यामुळे हा आकडा रोजचा समजू नका. पण त्यानंतर रोजची पातळीही वर राहिली. एप्रिलचा महिना २ लाख ३५ हजार टन, म्हणजे दिवसाला ७,८०० च्या वर. तुलनेला, जानेवारी १ लाख ७१ हजार, मार्च १ लाख ९६ हजार.

सप्टेंबरपर्यंत चालू ठेवायचं कारण अविश्वास. रशियनांनी फाटक उघडलं, तेच दुसऱ्या आठवड्यात परत "दुरुस्तीला" जाऊ शकत होतं. शहरात साठा होईपर्यंत विमानं कमी करत करत चालू ठेवली, रेल्वे आणि लॉऱ्यांबरोबरच. तुमच्या खेळात नाकेबंदी उठल्यावर पश्चिमेच्या खेळाडूला आणखी काही चाली विमानांवर खर्च करायला लावा. थांबवली आणि साठा कमी असला, तर रशियन खेळाडूला फाटक पुन्हा बंद करायची परवानगी असू द्या.

आणि बळींची नोंद विसरू नका. टेंपलहोफच्या स्मारकावर ३१ अमेरिकन आणि ३९ ब्रिटिश नावं आहेत, शिवाय जर्मन कामगारही गेले. त्यातले बरेच अपघात खराब हवेतले, आणि काही तर धावपट्टीवरचे, जमिनीवर काम चालू असतानाचे. खराब हवेच्या पत्त्याबरोबर अपघाताचा फासा जोडा. धुक्यातही पूर्ण वेगाने माल पाठवायचा असेल तर तो फासा दोनदा टाकायला लावा.